पेटीवरचे टक्के आणि आतला माल : इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील पुनर्चक्रित साहित्य

आराखडा (ऑनलाइन चर्चेच्या धाग्याची सुरुवात; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

लहान इलेक्ट्रॉनिक उपकरणांची बाह्य आवरणे आखणे हा माझा व्यवसाय आहे. सध्या टेबलावर एक बिनतारी कळफलक आहे आणि त्याच्या अपेक्षापत्रात या वेळी एक नवी ओळ आली आहे : ‘उत्पादनात किमान ५० टक्के पुनर्चक्रित साहित्य असावे.’ ओळ वाचली तेव्हा बरे वाटले. काम सुरू केल्यावर मात्र तिचा अर्थच लागेना. पन्नास टक्के नेमके कशाचे? कळफलक वाकू नये आणि टेबलावर सरकू नये म्हणून आत पोलादी पत्रा असतो, आणि माझ्या आराखड्यात एकूण वजनाच्या निम्म्याहून बराच जास्त भाग त्या पत्र्याचाच आहे. पोलाद करताना भंगार घालणे ही काही आजची गोष्ट नाही. विजेच्या भट्टीतले पोलाद तर मुख्यतः भंगारातूनच होते. म्हणजे योग्य पुरवठादाराकडून पत्रा घेतला, की प्लास्टिकच्या एका दाण्यालाही हात न लावता ही ओळ कागदावर पूर्ण होते. ग्राहकाच्या मनात हेच असेल असे मला वाटत नाही, पण त्याने लिहिलेले मात्र हेच आहे.

दुसरी शंका अशी, की पुनर्चक्रित प्लास्टिकचे नाव काढले की साचेकामाचे लोक नाक मुरडतात, आणि पुनर्चक्रित कथील किंवा तांबे म्हटले तर कुणी भुवईही उंचावत नाही. हा फरक कशामुळे पडतो? ज्यांनी प्रत्यक्ष माल हाताळला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

साचेवाला

नाक मुरडणाऱ्यांपैकी मी एक आहे, तेव्हा कारणही मीच सांगतो. आपल्या आवरणाला एबीएस हे नेहमीचे प्लास्टिक किंवा पीसी-एबीएस, म्हणजे त्याचे पॉलिकार्बोनेटशी केलेले मिश्रण, धरलेले असेल, असे गृहीत धरून लिहितो.

प्लास्टिकची ताकद त्याच्या रेणूंच्या साखळ्या किती लांब आहेत यावर असते. दाणा प्रत्येक वेळी वितळताना, यंत्राच्या तापलेल्या नळीत म्हणजे बॅरलमध्ये घुसळला जाताना त्या साखळ्या थोड्या थोड्या तुटतात. एबीएसमध्ये धक्का सोसण्याचे काम त्यातील ब्युटाडाइन रबर करते, आणि वर्षानुवर्षे ऊन व हवा लागून नेमके तेच रबर आधी म्हातारे होते. जुन्या संगणकांची आवरणे पिवळी पडून ठिसूळ होतात त्यामागे याचा मोठा वाटा असतो. पॉलिकार्बोनेटचे दुखणे वेगळे आहे. ते उन्हापेक्षा पाण्याला घाबरते, म्हणजे दाण्यात ओलावा राहिला आणि तो तसाच वितळवला तर पाणी साखळी कापते. त्यात आजचा पुनर्चक्रित दाणा कुठल्या घरातून आला आहे याचाही भरवसा नसतो. पॉलिकार्बोनेट वीस लिटरच्या पाण्याच्या जारमधून, जुन्या सीडींमधून किंवा मोटारींच्या दिव्यांच्या काचांमधून येते, तर एबीएस प्रिंटर, टीव्ही आणि संगणकांच्या आवरणांमधून. या सगळ्यांचा प्रवाहीपणा वेगवेगळा असतो. चांगला पुरवठादार ते मिसळून, गाळून, थोडे ताजे राळ व धक्काशोषक घालून एकसारखा दाणा देतो. वाईट पुरवठादार नमुन्याला एक माल देतो आणि खेपेला दुसरा.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. एका ग्राहकाच्या चार्जरच्या पेटीसाठी आम्ही पहिल्यांदाच पुनर्चक्रित पीसी-एबीएस चालवले. ड्रायर नेहमीच्या एबीएसच्या सवयीने ८० अंशांवर ठेवलेला होता, आणि या मिश्रणाला १०० ते ११० अंशांवर तीन-चार तास लागतात, तेव्हा कुठे ओलावा ०.०२ टक्क्यांच्या खाली येतो. भागांवर चंदेरी फराटे किंचित दिसत होते, पण खडबडीत पोत असल्यामुळे ते झाकले गेले आणि तपासणीतून सुटले. जोडणी झाली. दोन दिवसांनी स्क्रूच्या बॉसना (स्क्रू ज्यात बसतो त्या उभ्या खुंट्यांना) उभ्या चिरा पडायला लागल्या, आणि त्याही रात्री, पेट्या कपाटात नुसत्या पडलेल्या असताना. सकाळी खोके उघडले की तळाशी पांढरी टोके सांडलेली असत. आम्ही मूळ दाण्याचा मेल्ट फ्लो (वितळल्यावर प्लास्टिक किती सहज वाहते याचे माप) मोजला आणि तडकलेला भाग दळून त्याचाही मोजला, तर दुसरा आकडा पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट होता. प्लास्टिक पातळ झाले होते, म्हणजे साखळ्या तुटल्या होत्या. दोष दाण्याचा नव्हता, आमच्या ड्रायरचा होता. तरी त्यानंतर कित्येक महिने आमच्याकडे पुनर्चक्रित माल बदनाम राहिला.

तेव्हा सूचना अशी : बॉसच्या मुळाशी गोलाई वाढवा, भिंतीची जाडी एकदम बदलू नका, आणि पुरवठादाराकडून फक्त माहितीपत्रक न घेता प्रत्येक खेपेचा मेल्ट फ्लो मागून घ्या. तयार भागाचा मेल्ट फ्लो दाण्यापेक्षा किती चढला हे तुम्हीही मोजा. रंगाबाबत आत्ताच सांगून ठेवतो, की शुभ्र पांढरा मागू नका. मिश्र भंगाराचा मूळ रंग करडा असतो आणि तो झाकायला टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याचे इतके मास्टरबॅच (दाट रंगाचे दाणे) लागते, की शेवटी पुनर्चक्रित दाण्याचे प्रमाणच कमी करावे लागते. गडद करडा घ्या, वर बारीक ठिणगी-पोत (साच्यावर ठिणग्यांनी उमटवलेला खडबडीतपणा) द्या. काळे ठिपके आणि प्रवाहाच्या रेषा त्यात विरून जातात.

शंकासुर

एवढी उठाठेव करून शेवटी हाती काय लागते, तर पेटीवर हिरवे पान. २०१८ मध्ये अ‍ॅपलने मॅकबुक एअरचे आवरण १०० टक्के पुनर्चक्रित अ‍ॅल्युमिनियमचे असल्याचे जाहीर केले. ते अ‍ॅल्युमिनियम आले कुठून? त्यांच्याच उत्पादनात ठोकळे कोरताना उडालेल्या किसातून. घन ठोकळ्यातून आवरण कोरायचे, म्हणजे बराचसा धातू मुळातच किस म्हणून बाहेर पडणार. तो गोळा करून वितळवला, हे योग्यच केले. पण अशा गणितात एकही जुना लॅपटॉप भंगारातून बाहेर येत नाही. याला काटकसर म्हणावे, पुनर्चक्रण का म्हणावे?

हिशेबनीस

पुरवठासाखळीतील असेच दावे तपासणे हे माझे काम असल्यामुळे शब्दांचा हिशेब मांडतो, कारण मूळ प्रश्नातील गोंधळही शब्दांचाच आहे.

आयएसओ १४०२१ या मानकात पुनर्चक्रित अंशाचे दोन प्रकार सांगितले आहेत. वापरणाऱ्याच्या हातून सुटलेल्या वस्तूपासून मिळवलेला तो ग्राहकोत्तर अंश, आणि उत्पादनाच्या ओघात कचऱ्यात निघालेला, म्हणजे ग्राहकापर्यंत न पोचलेला, तो ग्राहकपूर्व अंश. मात्र ज्या प्रक्रियेत कचरा निघाला त्याच प्रक्रियेत जो परत घालता येतो, तो माल यातून वगळलेला आहे. साचेकामातील रनर आणि स्प्रू (साच्याकडे जाणाऱ्या वाटेत गोठलेले प्लास्टिक) दळून त्याच यंत्रात घातले, तर ते पुनर्चक्रित अंशात धरता येत नाहीत. (अग्निसुरक्षेच्या बाजूने यूएल ७४६डी या अमेरिकी मानकात अशा दळलेल्या मालावर वजनाने २५ टक्क्यांची मर्यादा आहे, त्याहून जास्त घालायचा तर वेगळी चाचणी करावी लागते. दोन्ही नियमांची गल्लत करणारे पुष्कळ भेटतात.) कोरीवकामातला किस धातू वितळवणाऱ्या कारखान्यात जाऊन पुन्हा ठोकळा होऊन येतो, म्हणजे तो वेगळ्या प्रक्रियेतून जातो, म्हणून मानकाप्रमाणे तो पुनर्चक्रितच ठरतो. शंकासुर यांची तक्रार नियमभंगाची नाही, ‘पुनर्चक्रित’ या एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी बसवल्या जातात याची आहे, आणि तेवढ्यापुरती ती मला मान्य आहे.

तिसरा गोंधळ छेदाचा. उत्पादनाच्या एकूण वजनाचे टक्के, प्लास्टिकच्या वजनाचे टक्के आणि एका विशिष्ट भागाचे टक्के, या तीन वेगळ्या संख्या आहेत. २०१९ मध्ये एचपीने एलिट ड्रॅगनफ्लाय या लॅपटॉपमध्ये समुद्राकडे जाणारे प्लास्टिक वापरले ते स्पीकरच्या आवरणात. २०२२ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२२ च्या मालिकेत टाकून दिलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचे नायलॉन वापरले ते कळांच्या आधारासारख्या आतल्या लहान भागांत. ही दोन्ही कामे खरी आहेत आणि सोपी नव्हती. पण जाहिरात वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अख्खे यंत्र उभे राहते, ही वस्तुस्थिती आहे. शिवाय ‘समुद्राकडे जाणारे’ याचा रूढ अर्थ, किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत, जिथे कचऱ्याची व्यवस्था नाही अशा ठिकाणी गोळा केलेले, असा आहे. ते समुद्रातून काढलेले असतेच असे नाही.

आराखडा यांनी ग्राहकाकडून ती ओळ बदलून घ्यावी. कशाचे टक्के, ग्राहकोत्तर की ग्राहकपूर्व, आणि प्रत्यक्ष त्या भागात मोजलेले की वस्तुमान-ताळेबंदाने वाटलेले, ही तीन उत्तरे त्या ओळीतच असली पाहिजेत. वस्तुमान-ताळेबंद म्हणजे कारखान्यात नवा व जुना कच्चा माल एकत्र शिजतो आणि जुन्याचे श्रेय हिशेबाच्या वहीत काही उत्पादनांच्या नावे मांडले जाते. तो प्रकार गैर नाही, पण त्याला तसेच म्हणावे.

रसायन

कथील आणि तांब्याबद्दल कुणी भुवई का उंचावत नाही, या प्रश्नाचे उत्तर भट्टीत आहे.

जुने सर्किट बोर्ड तांब्याच्या भट्टीत जातात. बेल्जियममधील होबोकेन किंवा स्वीडनमधील रोनस्कार येथील कारखाने याच कामासाठी ओळखले जातात. १,२०० अंशांच्या आसपास सगळे वितळते, बोर्डातील राळ जळून इंधनाचे काम करते, आणि वितळलेले तांबे सोने, चांदी व पॅलेडियम स्वतःत विरघळवून घेते. पुढे विद्युत-शुद्धीकरणात तांबे ९९.९९ टक्के शुद्ध होऊन पट्टीवर बसते आणि मौल्यवान धातू तळाच्या गाळात उरतात, तिथून ते वेगळे काढतात. या टप्प्यानंतर अणूला आपला इतिहास आठवत नाही. तो खाणीतून आला की फोनमधून, हे सांगणारी कुठलीही चाचणी नाही, आणि म्हणूनच धातूंच्या बाबतीत गुणवत्तेचा प्रश्न उरत नाही, उरतो तो कागदपत्रांच्या विश्वासार्हतेचा.

सोन्याचे अर्थशास्त्र तर खाणीलाच लाजवणारे आहे. अनेक खाणींत टनभर खनिजामागे सोने मोजक्या ग्रॅममध्ये असते; टनभर फोनमध्ये ते त्याच्या कित्येक पटींनी असते. टोकियो २०२० च्या ऑलिंपिकसाठी लोकांनी दिलेली ७८,९८५ टन लहान उपकरणे आणि सुमारे ६२ लाख मोबाइल फोन गोळा केले गेले, आणि त्यातून ३२ किलो सोने, सुमारे ३,५०० किलो चांदी व २,२०० किलो कांस्य मिळवून सुमारे ५,००० पदके घडवली गेली. (३२ किलोत एवढी सुवर्णपदके कशी झाली, असा प्रश्न पडणाऱ्यांसाठी : सुवर्णपदक आतून चांदीचेच असते, वर मुलामा असतो.)

पण ही भट्टी निवडक आहे, आणि जे तिला नको ते कायमचे जाते. अ‍ॅल्युमिनियम, टँटलम आणि दुर्मिळ मृदा धातू ऑक्सिडीभूत होऊन धातुमळीत (भट्टीतल्या टाकाऊ थरात) मिसळतात, आणि तिथून ते परत काढणे परवडत नाही. स्पीकर आणि कंपन-मोटरमधील निओडिमियम चुंबक नेमके असेच हरवतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या ई-कचरा अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला, त्यापैकी २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे, आणि दुर्मिळ मृदा धातूंच्या मागणीपैकी जेमतेम १ टक्का ई-कचऱ्यातून भागते. चुंबक वाचवायचा तर तो भट्टीपूर्वी, अख्खा, वेगळा काढावा लागतो. त्यानंतर तो हायड्रोजनमध्ये ठेवला की धातू वायू शोषून फुगतो व आपोआप भुगा होतो, आणि त्या भुग्यातून नवा चुंबक घडवता येतो. अ‍ॅपलने २०१९ मध्ये आयफोन ११ च्या कंपन-यंत्रणेत पूर्णपणे पुनर्चक्रित दुर्मिळ मृदा धातू वापरले, तेव्हा त्यामागची खरी अडचण रसायनाची नव्हती. पुरेसे चुंबक एका ठिकाणी, स्वच्छ आणि सुटे मिळवण्याची होती.

बॅटरीतील कोबाल्ट तांब्याच्या बाजूला मोडतो. बॅटरी निकामी करून दळतात, काळा भुगा मिळतो, तो गंधकाम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवून कोबाल्ट सल्फेट वेगळे काढतात, आणि ते पुन्हा बॅटरीच्या दर्जाचे असते. लिथियम मिळते, पण उशिरा आणि अधिक खर्चाने. ग्राफाइट बहुतेक वेळा टाकून दिले जाते.

साचेवाला

रसायन यांचे म्हणणे तांबे, सोने, कथील यांना लागू आहे, पण ‘धातू’ एवढा मोठा शब्द वापरू नये. अ‍ॅल्युमिनियम विसरत नाही. ते पुन्हा वितळवायला नव्याने करण्याच्या सुमारे ५ टक्के ऊर्जा पुरते, हे खरे. नव्या धातूला किलोमागे १४ युनिटच्या आसपास वीज लागत असल्यामुळे हा फायदा प्रचंडच आहे. परंतु भंगारासोबत आलेले लोह साध्या वितळवण्यातून वेगळे निघत नाही. ते फक्त ताजे अ‍ॅल्युमिनियम ओतून पातळ करता येते. इंजिनच्या ओतीव भागाला थोडे जास्त लोह चालते. आपल्या कळफलकाच्या वरच्या पट्टीला अ‍ॅनोडायझिंग करायचे (विजेने ऑक्साइडचा थर चढवायचा) असेल तर तेच लोह राखाडी पट्ट्यांच्या रूपाने वर येते, आणि दोन खेपांच्या पट्ट्या शेजारी ठेवल्या तर रंग जुळत नाही. स्वतःचा किस परत वापरण्याचा सोस मोठ्या कंपन्यांना असतो तो यासाठी : त्या किसाची घटकसूची त्यांना दशांशापर्यंत ठाऊक असते. शंकासुर यांना त्यात पळवाट दिसते, मला त्यात कारागिराची भीती दिसते.

सोल्डर

आवरणाबाहेरही थोडे बघू, कारण कळफलकाच्या आत माझा बोर्ड आहे.

रूढ शिसेविरहित सोल्डरमध्ये, म्हणजे भाग बोर्डाला जोडणाऱ्या मिश्रधातूत, ९६.५ टक्के कथील असते, उरलेली ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबे. जगातील कथिलाचा सर्वांत मोठा खप सोल्डरमध्येच होतो, त्यामुळे पुनर्चक्रित कथिलाचा आग्रह धरायला ही योग्य जागा आहे, आणि जोडणीच्या रेषेवर काडीचाही बदल करावा लागत नाही. बोर्डाचे स्वतःचे मात्र काही करता येत नाही. काचेचे कापड आणि इपॉक्सी एकदा घट्ट झाले की ते पुन्हा वितळत नाही. जुन्या बोर्डापासून नवा बोर्ड हा मार्गच नाही, जुन्या बोर्डापासून तांबे हा आहे. आणि जुन्या बोर्डांवरून चिप उपटून त्या नव्या म्हणून विकणे याला कुणी पुनर्वापर म्हणू नये; तशा चिप एका खेपेत आमच्याकडे येऊन गेल्या आहेत, वरचा शिक्का घासून पुन्हा छापलेला होता आणि अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने तो सहज निघाला.

माझी खरी काळजी साचेवाला यांच्या दाण्याबद्दल आहे. जुन्या टीव्ही आणि संगणकांच्या आवरणांत आग रोखण्यासाठी ब्रोमिनयुक्त संयुगे घातलेली असत. युरोपच्या रोहस निर्देशाची (उपकरणांतील घातक पदार्थांवरच्या नियमाची) बंधने १ जुलै २००६ पासून लागू झाली, आणि त्यात पीबीडीई या ब्रोमिनयुक्त संयुगांच्या गटाला ०.१ टक्के व कॅडमियमला ०.०१ टक्के मर्यादा आहे. मर्यादा नव्या मालाला आणि जुन्या मालापासून केलेल्या नव्या मालाला सारखीच लागू होते. पण भंगारात २००६ च्या आधीची उपकरणे अजून येतातच. त्यात काळ्या प्लास्टिकची अडचण वेगळी : रंगासाठी वापरलेली काजळी अवरक्त प्रकाश गिळते, त्यामुळे वेगळे करणाऱ्या यंत्राला कुठले प्लास्टिक आहे ते दिसतच नाही. निवड चुकली की ही संयुगे भलत्याच वस्तूंत पोचतात. काळ्या खेळण्यांतही ती अभ्यासकांना आढळली आहेत.

म्हणून प्रत्येक खेपेचे दाणे क्ष-किरण बंदुकीखाली धरा. ती फक्त एकूण ब्रोमिन सांगते, कुठले संयुग आहे ते सांगत नाही. आकडा वर गेला तर पुढची चाचणी प्रयोगशाळेत करून घ्यावी लागते.

आणि एक विनंती, बॅटरी गोंदाने चिकटवू नका. युरोपच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीप्रमाणे १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येण्याजोगी असावी लागणार आहे. पण नियम नसता तरी, चिकटवलेली बॅटरी उचकटताना वाकते आणि पेट घेते, हे दुरुस्तीच्या टेबलावर पाहिलेला माणूस ती चूक पुन्हा करणार नाही.

शंकासुर

काटकसर आणि पुनर्चक्रण यांबाबत हिशेबनीस यांचे उत्तर पटले. साचेवाला यांचे ‘कारागिराची भीती’ हेही. मात्र एक प्रश्न उरतोच. जुन्या मालाचे टक्के वाढवण्यावर सगळे बोलत आहेत; हाच कळफलक दहा वर्षांनी भंगारात जाईल, तेव्हा याचा दाणा कुणाला काढता येईल का?

आराखडा

या प्रश्नामुळे दोन दिवस गेले, आणि ते सत्कारणी लागले असे म्हणायला हरकत नाही.

कार्यालयातील तीन जुने कळफलक मी स्क्रूपासून सगळे सुटे केले आणि प्रत्येक प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा कापून आधी साध्या पाण्यात, मग मीठ विरघळेनासे होईपर्यंत घातलेल्या पाण्यात टाकला. भंगार वेगळे करणारे कारखाने हेच मोठ्या हौदांत करतात, असे वाचले होते. आवरणाचे एबीएस साध्या पाण्यात बुडाले आणि मिठाच्या पाण्यात तरंगले. त्याची घनता १.०५ च्या आसपास असल्यामुळे ते अपेक्षितच होते. कळांच्या टोप्या एका कळफलकात पीबीटी या जड प्लास्टिकच्या होत्या, त्या दोन्हीकडे तळाला गेल्या. एका कळफलकाचे पाय पॉलिप्रोपिलिनचे असल्याची खूण आतून होती, आणि पॉलिप्रोपिलिन साध्या पाण्यातही तरंगायला हवे. हे मात्र बुडाले आणि मिठाच्या पाण्यात एबीएसच्या शेजारी जाऊन बसले. खूण पुन्हा भिंगाखाली पाहिली तेव्हा पुढे ‘टीडी २०’ असे दिसले, म्हणजे कडकपणासाठी २० टक्के शंखजिरे घातलेले. हौदाच्या दृष्टीने तो तुकडा एबीएसच झाला. सर्वांत वाईट अवस्था चंदेरी रंग मारलेल्या आवरणाची होती : काही तुकडे तरंगले, ज्यांवर रंगाचा थर जाड होता ते बुडाले, आणि रबरी पाय ज्यांच्यावर साच्यातच चढवलेले होते ते तुकडे मला सुटेच करता आले नाहीत.

त्यामुळे आराखडा असा बदलला आहे. आवरण, पाय आणि टोप्या यांसाठी एकच एबीएस. शंखजिरे नाही, रंगकाम नाही, पायांखालचे रबर खोबणीत दाबून बसवायचे. पितळी इन्सर्ट (प्लास्टिकमध्ये बसवलेली आटेदार नळकांडी) काढून टाकले आणि स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये घेतले, बॉसच्या मुळाशी गोलाई वाढवून. रंग गडद करडा, पण काजळीचा नाही. अवरक्त प्रकाश न गिळणारी काळी रंगद्रव्ये मिळतात, त्यांच्यातला घेतला आहे. ग्राहकाला ओळ बदलून पाठवली : ‘आवरणातील प्लास्टिकच्या वजनाच्या किमान ६० टक्के, ग्राहकोत्तर, प्रत्यक्ष भागात मोजलेले, पोलाद व कथील यांचा अंश स्वतंत्र नोंदवावा.’ त्यांचे पहिले उत्तर ‘एकूण संख्या कमी दिसते’ असे आले आहे. त्यावर चर्चा चालू आहे.

साचेवाला

पितळी इन्सर्ट काढलेत, मग स्क्रूचे आटे रुंद अंतराचे घ्या आणि पिळण्याची ताकद ड्रायव्हरवर बांधून द्या. पुनर्चक्रित एबीएस चौथ्या-पाचव्या वेळी स्क्रू काढला की आटा सोडते. दुरुस्तीसाठी उघडणाऱ्याला किमान एवढ्या वेळा उघडता आले पाहिजे, तेव्हा नमुन्यांवर दहा वेळा उघडबंद करून बघा.

आणि प्लास्टिकची खूण साच्यात कायमची कोरू नका. तारखेच्या शिक्क्यासारखा बदलता येणारा लहान इन्सर्ट बसवून घ्या, झाकणाच्या आतल्या बाजूला, बॅटरीच्या खणाशेजारी, जिथे उघडल्याबरोबर दिसेल. दाणा वर्षाभरात एकदा तरी बदलणार, हे धरून चाला. मिश्रण बदलले आणि खूण तीच राहिली, तर भंगारवाल्याला आपण खोटा पत्ता दिला असे होईल.

आराखडा

इन्सर्टची जागा आखली. साचा उद्या बनायला जातो आहे.